नेझ टॉवरचे फोटो: किनारा डॉक्युमेंटेशनमधे नव्याने येणाऱ्यांसाठी

इंग्लंडमधे फोटोग्राफी शिकायला आलेली आपली मुलं विचारतात की जुन्या वास्तू, किनारे यांच्या डॉक्युमेंटेशनमधे शिरायचं तर सुरुवात कुठून करू? मी सगळ्यांना एसेक्समधल्या वॉल्टन-ऑन-द-नेझला पाठवतो. लंडनहून जायचं तर लिव्हरपूल स्ट्रीटवरून ट्रेन पकडा, थॉर्प-ले-सोकनला बहुतेक वेळा बदलावी लागते, आणि गावातून उत्तरेकडे कड्याच्या बाजूने चालत गेलं की टॉवर दिसायला लागतो.

हा नेझ टॉवर म्हणजे ट्रिनिटी हाउसने (दीपगृहं आणि जहाजांसाठीच्या खुणा सांभाळणारी इंग्लंडमधली संस्था) १७२०च्या सुमारास बांधलेला आठकोनी विटांचा मनोरा, ८६ फूट उंच. हार्विच बंदराकडे येणाऱ्या जहाजांना सपाट किनाऱ्यावर काहीतरी ओळखू यावं म्हणून ही खूण. दुसऱ्या महायुद्धात तो रडारसाठीही वापरला.

पण नुसत्या टॉवरचा सुंदर फोटो कोणीही काढतं. तुम्हाला टॉवर आणि कड्याची धार यांच्यामधली जमीन दाखवायची आहे, खरा विषय तो आहे.

त्यासाठी कडा का ढासळतो हे आधी समजून घ्या, म्हणजे कॅमेरा कुठे लावायचा ते आपोआप कळतं. वर रेड क्रॅग आहे, लालसर वाळू आणि शिंपल्यांचा थर, आणि खाली लंडन क्ले ही पाचेक कोटी वर्षांपूर्वीची चिकणमाती. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं, चिकणमातीवर येऊन अडतं, मग वरचा भाग ओला आणि जड होऊन घसरतो आणि खाली पडलेला ढिगारा लाटा घेऊन जातात, की पुन्हा कडा उघडा. वर्षाला साधारण २ मीटर जमीन जाते असं धरतात. टॉवरसमोरचा पायथा वाचवायला २०११मधे क्रॅग वॉक बांधला, मोठमोठ्या दगडांचा बांध आणि त्यावर चालायची वाट, पण त्याच्या पुढे उत्तरेला कडा मोकळाच आहे. बांध संपतो आणि कडा आत वळायला लागतो ती जागा एका फ्रेममधे आली तर अर्धी गोष्ट तिथेच सांगून होते. महायुद्धातले काँक्रीटचे पिलबॉक्स, म्हणजे सैनिकांच्या पहाऱ्याच्या छोट्या चौक्या, एकेकाळी कड्यावर होते ते आता खाली वाळूत पडलेत, तेही सोडू नका.

किनारा पूर्वेकडे आहे त्यामुळे लाल थराचा रंग सकाळीच मिळतो, दुपारनंतर कडा सावलीत जातो, तेव्हा वर गवतावर जाऊन पश्चिमेकडून टॉवर घ्या. वाइड लेन्स लावून जवळून वर बघत काढलात तर मनोरा मागे पडल्यासारखा दिसतो. लांब जा, ७० किंवा ८५ एमएमची लेन्स लावा, कॅमेरा लेव्हल ठेवा.

एक मात्र अगदी कळकळीने सांगतो, भरतीचं टाइमटेबल बघितल्याशिवाय खाली उतरू नका. ओहोटी लागल्यावर उतरायचं आणि पाणी वळायच्या आत परत निघायचं. कोकणातल्या पोरांना उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) सांगायला नको, बाकीच्यांनी लक्षात ठेवा की अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त वर येतं आणि कड्यापाशी अडकायला होतं. कड्याच्या अगदी खाली किंवा वर धारेवर ट्रायपॉड लावायचा नाही, पावसानंतर तर मुळीच नाही, कितीही भारी फ्रेम दिसत असली तरी. उन्हाळ्यात सँड मार्टिन पक्षी कड्यातल्या बिळांत घरटी करतात, तिथूनही लांब राहा, लांब लेन्स कशासाठी आहे.

आता करिअरच्या दृष्टीने. एकाच जागेवरून, त्याच फोकल लेंथवर, तेवढ्याच उंचीवरून, दर काही महिन्यांनी फोटो काढत राहा. जागा ठरवताना समोर न हलणारं काहीतरी धरा, टॉवरचाच कोपरा किंवा क्रॅग वॉकचं टोक, कारण कड्यावरची खूण पुढच्या वेळी असेलच असं नाही. जीपीएस, तारीख, वेळ, पाण्याची स्थिती त्याच दिवशी लिहून ठेवा, घरी जाऊन आठवत नाही. फ्रेममधे मापासाठी काहीतरी असू द्या, माणूस उभा असला तरी चालतो. रॉ फाइल जपून ठेवा आणि मालिकेतल्या फोटोंचे रंग ओढूनताणून लाल करू नका, दोन वर्षांनी तुलना करायला बसलात की त्यातलं काहीच उपयोगाचं राहत नाही. माझ्या मते पोर्टफोलिओत अशा एका जागेचे सहा फोटो वीस वेगवेगळ्या सूर्योदयांपेक्षा जास्त बोलतात, फक्त प्रत्येकाखाली कॅप्शनमधे कुठून, कधी आणि कुठल्या दिशेने काढलाय ते हवं.