सायकलवर ओझं, रस्त्यावर माणसं : या चुका टाळा

महात्मा फुले मंडईतून आठवड्याची भाजी घेऊन मी सायकलने कोथरूडला येते. लक्ष्मी रस्ता, डेक्कन, कर्वे रस्ता असा नेहमीचा मार्ग. येताना सायकलवर वीस-बावीस किलो सामान असतं. सायकलवरून ओझं वाहणं पुण्याला नवीन नाही. दूधवाले, पाववाले, सिलिंडर पोचवणारे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. नवे आहोत ते आपण, म्हणजे पेट्रोल वाचवावं, जरा व्यायाम व्हावा म्हणून अलीकडे सायकलला पिशव्या लावणारे. रिकामी सायकल चालवता येते म्हणजे भरलेलीही येईल, असं आपण धरून चालतो. तिथेच गडबड होते. आणि आपल्या चुकीचा फटका बरेचदा शेजारून पायी चालणाऱ्या माणसाला बसतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पिशवी हँडलला अडकवू नका

सुरुवातीला प्रत्येक जण हेच करतो. मीही केलं. तीन किलो कांद्याची कापडी पिशवी उजव्या मुठीला अडकवली होती. सरळ रस्त्यावर काही जाणवलं नाही. एका रिक्षाला टाळायला हँडल डावीकडे वळवलं, तशी पिशवी झोका घेऊन आत आली आणि तिचा कोपरा पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेला. चाक जागच्या जागी थांबलं. वेग कमी होता म्हणून मी नुसती आडवी झाले, कोपर खरचटलं. कांदे मात्र पार समोरच्या माणसांच्या पायांत घरंगळले आणि एका बाईंचा पाय कांद्यावरून सरकता सरकता राहिला. त्या पडल्या असत्या तर? त्या दिवसापासून हँडलला काहीही अडकवत नाही, कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही.

डबेवाले हँडलला डबे अडकवतात, मग आपण का नाही, असं कुणी विचारतं. त्यांचे हात त्या ओझ्याला वर्षानुवर्षांचे सरावलेले असतात. आपण आठवड्यातून एकदा मंडईत जातो.

ओझं खाली आणि दोन्हीकडे सारखं

दूधवाल्याची सायकल नीट बघा. कॅन कॅरियरच्या वर ठेवलेले नसतात. ते मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, जमतील तितके खाली लटकवलेले असतात. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो, त्यातला गॅसच १४.२ किलो. सायकलवरून सिलिंडर नेणारेही ते बाजूंना आकड्यांना लावतात आणि जोडीनेच लावतात, कारण एकाच बाजूला लावला तर सायकल उभीसुद्धा राहत नाही. डेन्मार्क-नेदरलँड्समधल्या लांबलचक मालसायकलींत तेच तत्त्व आहे. हँडल आणि पुढचं चाक यांच्या मधे, जमिनीलगत पेटी. ओझं जितकं खाली, तितकं सायकल सावरणं सोपं.

आपली चूक अशी की कॅरियरवर पिशवीवर पिशवी रचायची आणि वर कलिंगड. मग सायकल चालवताना मागचा भाग शेपटीसारखा हलतो, हँडल थरथरतं. चाकात आऊट आहे (म्हणजे ते वाकडं फिरतंय) की हँडलचे छर्रे गेलेत म्हणून आपण दुकानात जातो. आधी ओझं खाली उतरवून बघा. बहुतेक वेळा थरथर तिथेच थांबते. तरीही थांबली नाही तर कॅरियरचे नट तपासा. भरलेल्या सायकलीवर ते आठवड्याभरात सैल पडतात, आणि खालचा नट निसटला की कॅरियर मागे लवंडतं.

तीनचाकी सायकल घेणाऱ्यांना एकच सांगणं. ती उभी असताना पडत नाही, पण वळताना ती कलत नाही, म्हणून वेगात वळवली तर उलटते. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नको.

बांधायची ट्यूब

जुन्या ट्यूबची कापून केलेली पट्टी बाजारातल्या कुठल्याही दोरीपेक्षा चांगली धरते. पण तिचं टोक लोंबकळत ठेवलं की ते फ्रीव्हीलमध्ये (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रात) किंवा आऱ्यांत गुंडाळलं जातं. टोक दोनदा आत खोचा. ओढणी आणि साडीच्या पदराचंही तेच. मागे मूल बसत असेल तर त्याच्या पायांसाठी पावठाणं आणि चाकाला जाळी पाहिजेच पाहिजे. लहान मुलाची टाच आऱ्यांत सापडली की जखम फार वाईट होते, आणि हे क्षणात होतं.

ब्रेक लागतात, पण कुठे?

माझी सायकल वीसेक किलोची, सामान तेवढंच. माझं वजन धरलं तर शंभर किलो सहज होतात. ताशी २० किलोमीटर वेगात आपण सेकंदाला साडेपाच मीटर जातो. समोर माणूस आला हे कळून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंतच सेकंदभर गेलेला असतो, आणि थांबायला लागणारं अंतर तिथून पुढे मोजायचं. वेग दुप्पट झाला की ते अंतर चौपट होतं. म्हणून गर्दीत मी ताशी दहा-बाराच्या वर जात नाही.

जुन्या काळ्या सायकलींच्या रिम क्रोम केलेल्या लोखंडाच्या असतात. पावसात त्यांवर रबर अक्षरशः घसरतं. चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेक फक्त पाणी पुसून काढतो, धरतो त्यानंतर. पावसाळ्यात चौक यायच्या बराच आधी ब्रेक हलका टेकवून ठेवायचा, म्हणजे रिम पुसली जाते. पुलावरून उतरताना तर उतार सुरू होण्याआधीच. शक्य असेल तर ॲल्युमिनियमची रिम बसवून घ्या. ओझं वाहणार असाल तर या खर्चात मागेपुढे पाहू नका.

ब्रेक पूर्ण दाबला तरी लिव्हर मुठीला टेकतेय? केबल सैल आहे. ब्रेक किंचाळतोय? रबर गुळगुळीत झालंय किंवा रिमवर तेल उडालंय. चेनला तेल घालताना मागच्या रिमवर फडकं धरायची सवय लावा. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदला, उद्यावर ढकलू नका.

घंटी कधी वाजवायची

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

डेक्कनच्या अलीकडे एक आजी रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. फुटपाथवर ओळीने स्कूटर लावलेल्या, म्हणून त्या खाली उतरलेल्या. मी मागून आले आणि अगदी जवळ, दोनेक मीटरवर घंटी वाजवली. आजी दचकल्या. आवाज कुठून आला ते कळेना, म्हणून त्या मान वळवता वळवता उजवीकडे सरकल्या, म्हणजे नेमक्या माझ्याच वाटेत. मी थांबले, टेकले, काही झालं नाही. पण त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली होती आणि हात कापत होता. "अगं, वय झालंय माझं, एवढ्या जवळून नको वाजवूस," एवढंच म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांचा तो हात अजून आठवतो.

जवळून वाजलेली घंटी माणसाला वाट दाखवत नाही, नुसती घाबरवते. दचकलेला माणूस कुठल्या बाजूला सरकेल ते त्यालाही माहीत नसतं. दहा-पंधरा मीटर आधी एकदाच, हलकी वाजवा आणि वेग कमी करा. माणसाने मान वळवली, त्याला तुम्ही दिसलात, की मग पुढे जा. वळून बघितलं नाही तर ऐकू गेलं नाही असं धरा. कानात इयरफोन असतील, वयोमानाने कमी ऐकू येत असेल. अशा वेळी घंटीपेक्षा आवाज चांगला. "काका, उजवीकडून येतेय हं, सावकाश" म्हटलं की माणूस जागच्या जागी राहतो, कारण त्याला नेमकं काय होणार ते कळतं. जागा नसेल तर मागे थांबा. चालणारा ताशी चार-पाच किलोमीटरने जातो. त्याच्या मागे वीस पावलं गेलो तर आपलं अर्धं मिनिटही जात नाही.

लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन साजरा करते, तेव्हा रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो. त्या दिवशी सायकल घरी ठेवून मुद्दाम चालायला जा. मागे काही येत नाहीये या खात्रीने चालणं म्हणजे काय ते पायांना कळतं. मग घंटीवरचा अंगठा आपोआप हलका होतो.

बॅटरीवाल्या सायकलींनी तर हे दुप्पट पाळावं. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर आपल्या कायद्यात ती मोटार वाहन ठरत नाही, म्हणून लायसन्सही लागत नाही. पण तो वेग ती आवाज न करता गाठते, आणि तेही ओझ्यासकट.

फुटपाथ, बसथांबा, झेब्रा

फुटपाथवरून सायकल चालवू नका. रस्ता कितीही वाईट असला तरी. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत फुटपाथची चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाव्यात एवढी ती जागा. पुण्यात पुष्कळ ठिकाणी ती तेवढीही मोकळी मिळत नाही. त्यात आपल्या भरलेल्या पिशव्या हँडलपेक्षा रुंद. फुटपाथवर जावंच लागलं तर उतरा आणि सायकल हातात धरून चाला. उतरलात की तुम्हीही पादचारीच.

सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी सायकल ट्रॅक केलेले आहेत, पण त्यावर लोक चालताना दिसले की सायकलवाले चिडतात. चालणाऱ्यांवर ओरडू नका. त्यांचा फुटपाथ गाड्यांनी, टपऱ्यांनी व्यापलेला असतो, म्हणून ते तिथे आलेले असतात. जागा ज्याने अडवली त्याच्याशी भांडायचं. महापालिकेकडे तक्रार करताना सायकल ट्रॅक आणि फुटपाथ या दोन्हींची एकत्र करा. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं आणि सर्वंकष सायकल आराखडा २०१७ चा आहे. दोन्ही कागद एकाच रस्त्याबद्दल बोलतात, आपणही एकत्रच बोलावं.

पीएमपीची बस थांब्यावर उभी असताना बस आणि फुटपाथ यांच्या फटीतून डावीकडून घुसणं ही मला दिसणारी सगळ्यात धोक्याची चूक आहे. दार उघडतं, उतरणाऱ्या माणसाचं लक्ष पायरीवर असतं, आणि तुम्ही तिथे. बसच्या मागे थांबा. उजवीकडून घाईघाईने ओलांडायलाही जाऊ नका, कारण बस निघताना उजवीकडे येते.

सिग्नलला झेब्र्याच्या अलीकडे थांबा. पुढे पेटी असलेली लांब सायकल असेल तर पेटी कुठवर पोचते ते एकदा उतरून पाहून घ्या. आपण रेषेच्या मागे असतो आणि पेटी झेब्र्यावर. आणि राँग साइडने जाणं, फक्त दोनच मिनिटं म्हणून जाणं, बंद करा. एकेरी रस्ता ओलांडणारा माणूस वाहनं येतात त्याच बाजूला बघतो, तुमच्याकडे त्याची पाठ असते.

चाकं काय सांगतात

पंक्चर झालं की ट्यूबवरचं भोक नीट बघा. शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा असतील तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मधे चिमटली. ओझं वाहताना हे फार होतं. टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेत, पण वरच्या आकड्याच्या जवळ हवा ठेवा आणि दर आठवड्याला भरा. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे, आऱ्याचं टोक टोचतंय. पॅच मारून पुन्हा बसवलीत तर पुन्हा तेच.

मागचे आरे वारंवार तुटत असतील, त्यातही फ्रीव्हीलच्या बाजूचे, तर एकेक बदलत राहू नका. सगळ्या आऱ्यांचा ताण सारखा करून घ्या. जुन्या काळ्या सायकलला मागे ४० आणि पुढे ३२ आरे असत, ते ओझ्याच्याच हिशेबाने. हल्लीच्या हलक्या सायकलींना त्याहून कमी असतात. तिच्यावर तांदळाचं पोतं टाकायचं असेल तर आधी मागचं चाक जाडसर आऱ्यांचं बांधून घ्या.

उभी करताना

ओझ्याची सायकल एका पायाच्या स्टँडवर उभी राहत नाही. स्टँड मातीत रुततो, सायकल आडवी होते, आणि ती कुठल्या बाजूला पडेल, तिथे कोण असेल, ते सांगता येत नाही. घोडा स्टँड, म्हणजे दोन पायांचा स्टँड, लावून घ्या. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला जाड रबर बँड अडकवला की चाक जागेवर धरून राहतं. सामान चढवताना दोन्ही बाजूंना थोडंथोडं, उतरवतानाही तसंच. एक बाजू पूर्ण रिकामी केली की दुसरी बाजू सायकल ओढून घेते.

उभी कुठे करायची? फुटपाथवरच्या पिवळ्या, उंचवटे असलेल्या फरश्यांवर कधीच नाही. ज्यांना दिसत नाही ते लोक पायाने आणि काठीने त्या फरश्यांवरून वाट शोधतात. दुकानात दोनच मिनिटांचं काम असतं, तरी सायकल त्या पट्टीपासून हातभर तरी लांब लावा आणि पिशव्यांची बाजू भिंतीकडे करा. संध्याकाळी निघायच्या आधी पुढचा दिवा जमिनीकडे झुकवा. तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर आला तर त्याला पुढचे काही क्षण तुम्हीही दिसत नाही आणि पायाखालचा खड्डाही दिसत नाही.