इंग्लंडात आठच्या प्रभुभोजनाला पहिल्यांदा जाताना

इंग्लंडला नवीन आलात ना, तर दहाची मोठी उपासना आहेच, पण एकदा सकाळी आठच्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारस घेण्याच्या उपासनेला, नक्की जा. सगळीकडे दर रविवारी नसतं, त्यामुळे चर्चच्या बोर्डवर ‘बीसीपी’ किंवा ‘१६६२’ लिहिलंय का बघायचं, म्हणजे १६६२ चं बुक ऑफ कॉमन प्रेयर, चर्च ऑफ इंग्लंडचं जुनं प्रार्थनापुस्तक. शक्यतो गाणी नाहीत, ऑर्गन नाही, कधीकधी प्रवचनही नाही, अर्ध्यापाऊण तासात होतं.

आत गेलं की पुस्तक घ्या, पान सापडलं नाही तर शेजारच्यांना विचारा. सुरुवातीची प्रभूची प्रार्थना पाळक एकटेच म्हणतात, आपण सवयीने मोठ्याने सुरू करतो, तिथे गप्प राहायचं. शुभवर्तमान वाचताना आणि नायसीन क्रीडला, म्हणजे विश्वासाच्या कबुलीला, उभं राहायचं, प्रार्थनेला गुडघे टेकायचे, पण गुडघे दुखत असतील तर पुढे वाकून बसलं तरी चालतं.

आता मला सगळ्यात जवळची जागा. भाकर-द्राक्षारसावरच्या प्रार्थनेआधी एक छोटी प्रार्थना येते, की तुझ्या मेजाखालचा चुरा वेचायचीही आमची लायकी नाही, पण दया करणं हा तुझा स्वभावच आहे. मेजाखालचा चुरा कुत्रीही खातात असं येशूला म्हणणाऱ्या कनानी बाईची गोष्ट आठवते ना, तीच. इंग्रजी जुनं आहे, म्हणून घरी आधी सावकाश वाचून जा, मग तिथे पाळक ती सगळ्यांच्या वतीने म्हणतात तेव्हा ती खरोखर आपली होते.

मग वेदीपुढच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकायचे. डाव्या तळहातावर उजवा तळहात उघडा ठेवायचा, भाकर चिमटीने उचलायची नाही, ती आपल्या हातावर ठेवली जाते. आमेन म्हणून खायची. प्याला आला की खालून हलका धरून ओठाला लावायला मदत करा. द्राक्षारस नको असेल तर नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्णच असतं, त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बाप्तिस्मा होऊन प्रभुभोजन घेत असाल तर इथेही घेता येतं, सीएनआय अँग्लिकन कम्युनियनमध्येच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेल्या जगभरच्या चर्चांच्या परिवारात आहे. बाप्तिस्मा झालेला नसेल तरी पुढे जा, हात छातीवर फुली करून ठेवा, पाळक आशीर्वाद देतात.

जागेवर परतल्यावर लगेच निघू नका, ह्या पुस्तकात ग्लोरिया शेवटी आहे, खाऊन झाल्यावरची स्तुती, आणि त्यानंतर आशीर्वाद. पाळक दारात थांबलेले असले तर आपलं नाव सांगा, कुठून आलो ते सांगा.