पहिल्या उड्डाणाआधी लिंकेजची तयारी

उद्या सकाळी नवं रिमोट कंट्रोल ट्रेनर विमान (शिकाऊंसाठीचं मॉडेल) पहिल्यांदा हवेत सोडायचं असेल, तर आज संध्याकाळचा तास-दीड तास फक्त लिंकेजसाठी, म्हणजे सर्व्होपासून पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्यांपर्यंतच्या जोडणीसाठी, राखून ठेवा. प्रोपेलर काढून बाजूला ठेवा आणि तो उद्या मैदानावरच परत लावा. मोटरसमोर हात घालून सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) तपासण्यात काही शौर्य नाही. मी इथे चार चॅनेलचं, हाय-विंग, सव्वा-दीड मीटर पंखाचं आणि नऊ ग्रॅम किंवा थोडे मोठे सर्व्हो असलेलं विमान गृहीत धरलंय. पेट्रोल इंजिनच्या मोठ्या मॉडेलांचा हिशेब वेगळा.

सुरुवात एलेव्हेटरपासून, म्हणजे नाक वरखाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पट्टीपासून करा. एलेरॉनने (पंखांवरच्या पट्ट्यांनी) दगा दिला तर अशा विमानाला रडरवर (शेपटीच्या उभ्या पट्टीवर) वळवून आणता येतं, रडर गेला तर एलेरॉनवर काम भागतं, मोटर बंद पडली तर तरंगत उतरता येतं. एलेव्हेटर गेला की मात्र हातात फारसं काही उरत नाही. थ्रॉटलने नाक थोडंफार वरखाली होतं, पण त्या भरवशावर नवशिक्याने विमान उतरवावं असं मी कुणालाच सांगणार नाही. त्यामुळे वेळ कमी असेल तर तो एलेव्हेटरला द्या, आणि बाकीचं पूर्ण होईपर्यंत उडवणं पुढे ढकला.

सर्व्होचा आर्म, म्हणजे शाफ्टवरची छोटी दांडी, काढा. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर चालू करा, सगळे ट्रिम आणि सबट्रिम (मध्य किंचित सरकवणाऱ्या सेटिंग्ज) शून्यावर आणा आणि सर्व्होला आपल्या मध्यावर येऊ द्या. सर्व्हो टेस्टर असेल तर तो १.५ मिलिसेकंदाच्या पल्सवर ठेवा, काम तेच होतं. आता आर्म परत बसवा, पण काटकोन सर्व्होच्या डबीशी नको, पुशरॉडशी (आर्मपासून पट्टीपर्यंत जाणाऱ्या तारेशी) जुळवा. काटकोन बरोबर जुळत नाही, ही नेहमीची तक्रार. फुताबा पद्धतीच्या शाफ्टला २५ दाते असतात, म्हणजे एक दाता सरकवला की आर्म १४.४ अंश फिरतो. चार पायांचा आर्म असेल तर प्रत्येक पाय लावून बघा. २५ ला ४ ने भाग जात नाही, त्यामुळे दर पायामागे पाव दात्याचा, ३.६ अंशांचा फरक पडतो आणि एखादा पाय जवळपास काटकोनात येतोच. उरलेले तीन पाय कापून टाका. हिटेकच्या २४ दात्यांच्या शाफ्टवर ही युक्ती चालत नाही. आणि २४ चा आर्म २५ च्या शाफ्टवर दाबून बसवायचा मोह झाला तर तो आर्म लगेच कचऱ्यात टाका. टेबलावर तो बसल्यासारखा वाटतो, हवेत घसरतो.

यानंतर आर्मच्या मधला स्क्रू. सगळ्या विमानात सर्वांत जास्त विसरला जाणारा स्क्रू हाच, कारण मध्य जुळवताना आपणच तो मुद्दाम बाहेर ठेवलेला असतो. स्क्रू आत गेल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावू नका. मेटल गिअरच्या सर्व्होत मशीन स्क्रू असतो, त्याला निळ्या लॉकटाइटचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक बारीक थेंब द्या. प्लास्टिक शाफ्टला मात्र लॉकटाइट नको. काही प्लास्टिकांना त्याने बारीक तडे जातात. तिथे सर्व्होच्या पाकिटातला मूळचाच स्क्रू वापरा आणि बेताने आवळा.

सर्व्हो ज्या प्लायवर किंवा बालसावर बसतो तिथले स्क्रू एकदा पिळून काढा, भोकात पातळ सायनोचा (झटपट चिकटणाऱ्या ग्लूचा) थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या आणि मग परत पिळा. लाकडात पक्के आटे तयार होतात. फेव्हिक्विकनेही हे जमतं, फक्त थेंब सर्व्होच्या आत जाणार नाही हे बघा.

पुशरॉडसाठी मला एकच पद्धत आवडते: सर्व्होकडे झेड-बेंड (तारेचं झेड आकारात वाकवलेलं टोक), कंट्रोल हॉर्नकडे (पट्टीवर बसवलेल्या भोकांच्या कानाकडे) आट्यांचा क्लेव्हिस (दोन पायांचा, पिन असलेला चिमटा). झेड एकदा अडकला की आर्म तुटल्याशिवाय सुटत नाही, आणि रॉडला स्वतःभोवती फिरूही देत नाही. दोन्ही टोकांना आटे ठेवले की रॉड फिरून एका बाजूने बाहेर येण्याची धास्ती राहते, मग दोन्हीकडे लॉकनट हवेतच. आर्मचं भोक तारेच्या मापाचंच हवं. तार १.२ मिलिमीटरची तर ड्रिलही १.२ चं, हाताने फिरवलेलं. तापवलेल्या सुईने भोक मोठं करू नका. ते गोल राहत नाही आणि पहिल्याच दिवसापासून प्ले (ढिलेपणा) येतो.

एम२ च्या आट्यांत एका पूर्ण फेऱ्याला ०.४ मिलिमीटर अंतर बदलतं. क्लेव्हिसमध्ये निदान ६ मिलिमीटर आटे जावेत असं मी धरतो, म्हणजे १५ फेरे. एलेव्हेटर सरळ आणायला त्याहून कमी फेरे ठेवावे लागत असतील तर रॉड आखूड पडलाय. नवा कापा. क्लेव्हिसची पिन हॉर्नमधून आरपार जाऊन समोरच्या पायात ‘टक’ करून बसली पाहिजे. मग त्यावर सिलिकॉन ट्यूबचा पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा सरकवा, म्हणजे पाय फाकणार नाहीत. ही ट्यूब क्लेव्हिस लावण्याआधीच रॉडवर ओवून ठेवायची असते. सगळं जुळवून झाल्यावर ती आठवते आणि मग लोक ‘उद्या बघू’ म्हणतात. नायट्रो इंजिनची फ्युएल ट्यूबही चालते. क्लेव्हिसमागचा लॉकनट शेवटी आवळा.

स्वस्त फोम विमानांच्या खोक्यात बऱ्याचदा पितळी स्टॉपर येतो, ज्यात तार घालून वरून ग्रब स्क्रू पिळायचा. जुळवायला सोपा, पण सगळा भार त्या एका स्क्रूच्या टोकावर. रडरला ठीक आहे, एलेव्हेटरला मी तो लावत नाही. नाइलाज असेल तर स्क्रू टेकतो तिथे तारेवर कानशीने छोटा सपाट भाग करा, स्क्रूला निळं लॉकटाइट द्या आणि स्टॉपरला चिकटून तारेवर मार्करने रेघ ओढा. रेघ आणि स्टॉपर यांच्यात फट दिसली की तार सरकली.

हॉर्न बघताना भोकांची रांग बिजागरीच्या रेषेच्या नेमकी वर किंवा खाली येते ना ते पाहा. मागे-पुढे असेल तर वर आणि खाली सारखी हालचाल मिळत नाही. रॉड आर्मवर शक्य तितका आतल्या आणि हॉर्नवर शक्य तितका बाहेरच्या भोकात, हवी तेवढी हालचाल मिळेल इतपत. मग सर्व्होचा पूर्ण पल्ला वापरला जातो आणि जोडांतला प्ले पृष्ठभागापर्यंत कमी पोचतो. आर्मवर बाहेरचं भोक घेऊन ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हल (सर्व्होच्या हालचालीची मर्यादा) ४० टक्क्यांवर आणणं म्हणजे प्ले स्वतःहून वाढवणं. हा प्ले वेगात फ्लटर (पट्टीची जोरदार थरथर) होऊन बाहेर येतो. विमानातून घरघर ऐकू आली तर थ्रॉटल ताबडतोब खाली आणि उतरा. उतरल्यावर सर्व्होचे दातेही तपासा.

फोममध्ये हॉर्न ग्लू गनने चिकटवलेला असेल तर तो उपटून इपॉक्सीने बसवा. मे महिन्यात मॉडेल बंद गाडीच्या मागच्या काचेखाली तापत पडलं की ग्लू गनचा जोड मऊ पडतो. उन्हाचा त्रास नायलॉनच्या पुशरॉडलाही आहे. नळीतल्या नळीत नायलॉन असेल तर गारठ्यातल्या सकाळी जुळवलेलं ट्रिम दुपारपर्यंत हललेलं असतं. आतला भाग तारेचा घेतला तर हा त्रास बराच कमी होतो.

आता एक तपासणी जिला मी कधी फाटा देत नाही. एलेव्हेटर बोटांनी हलकेच धरून ठेवा आणि कुणाला तरी स्टिक मागे ओढायला सांगा. रॉड मधोमध वाकतोय का? हॉर्न खालच्या बाजूला असेल तर ‘अप’ देताना रॉड ढकलला जातो, आणि बारीक तार ढकलताना कमान धरते. म्हणजे सूर मारलेलं विमान वर खेचायच्या वेळी सर्व्हो पूर्ण फिरतो, एलेव्हेटर मात्र अर्धवटच. नळीला फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत दर १०-१५ सेंटीमीटरवर आधार द्या. हे जमण्यासारखं नसेल तर जाड तार किंवा कार्बन नळी घ्या.

जोड किती मजबूत हवा याचा अंदाज सर्व्होवरून येतो. १.८ किलो-सेंटीमीटरचा सर्व्हो १० मिलिमीटरच्या आर्मवर जास्तीत जास्त १.८ किलोचा जोर लावतो. क्लेव्हिस, झेड-बेंड, हॉर्न एकेक करून हाताने निदान तेवढ्या जोराने ओढून बघा. जे उद्या हवेत सुटणार असेल ते आज टेबलावर सुटू दे. बिजागऱ्याही याच फेरीत ओढून घ्या. लिंकेज पक्कं आणि बिजागरी उपटलेली, असं व्हायला नको.

मग दोन्ही स्टिक चारही दिशांना टोकापर्यंत न्या. सर्व्हो टोकाला जाऊन गुरगुरत राहिला तर काहीतरी अडतंय. ट्रॅव्हल कमी करण्याआधी काय अडतंय ते शोधा, बहुतेकदा क्लेव्हिस हॉर्नच्या बुडाला टेकलेला असतो.

सकाळी मैदानावर पंख जोडला की एलेरॉनची वायर नव्याने जोडली जाते, म्हणून दिशा तिथेच तपासा, प्रोपेलर लावण्याआधी. विमानाच्या मागे उभं राहून एलेरॉनची स्टिक उजवीकडे: उजवं एलेरॉन वर, डावं खाली. स्टिक मागे: एलेव्हेटर वर. रडरची स्टिक उजवीकडे: रडर उजवीकडे. तोंडाने मोठ्याने म्हणत करा, शेजारी कुणी असेल तर त्याला बघू द्या. कॉलेजच्या टीममध्ये स्पर्धेच्या आदल्या रात्री सर्व्हो रिव्हर्सची बटणं चार जणांनी चार वेळा फिरवलेली असतात, तिथे तर हे नक्कीच.

पहिलं उड्डाण पाच मिनिटांत आटपा आणि उतरल्यावर ट्रिम बघा. ट्रिम बरंच सरकलं असेल तर ते परत शून्यावर आणून तेवढे फेरे क्लेव्हिसला द्या. लॉकनट पुन्हा आवळायचा आणि ट्यूब पुन्हा जागेवर सरकवायची. डब्यात जादा क्लेव्हिस, दोन आर्म, सिलिकॉन ट्यूब, एम२ चे नट, नोज प्लायर आणि बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर असू द्या. नट वाऱ्यावर गवतात हरवतात, म्हणून ते झाकणाच्या डबीत ठेवा.