सोसायटीची एक्सेल शीट दुसऱ्याच्या हातात देण्याआधी

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट मी बनवली, मी काही प्रोग्रामर नाही, पण वर्षभर ती मीच वापरली तेव्हा सगळं मस्त चाललं. मग कमिटी बदलली आणि शीट नवीन खजिनदार काकांकडे गेली. पहिल्याच दिवशी त्यांनी एकूण बाकीच्या रकान्यात थेट आकडा टाकला आणि तिथला आपोआप हिशोब करणारा फॉर्म्युला गेला. चूक त्यांची नव्हती हो, तिथे टाइप करायचं नाही हे त्यांना कळणार कसं?

तर आधी जिथे भरायचंय त्या सेलना एकच रंग द्या, फिका पिवळा बरा. एक्सेलमधे सगळे सेल मुळात लॉकच असतात, पण शीट प्रोटेक्ट करेपर्यंत ते लॉक लागू होत नाही. म्हणून पिवळे सेल सिलेक्ट करा, फॉरमॅट सेल्समधे प्रोटेक्शन टॅबवर लॉक्डची टिक काढा आणि मगच रिव्ह्यूमधून प्रोटेक्ट शीट करा. पासवर्ड ठेवलात तर कमिटीच्या रजिस्टरमधे लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस अडकतो.

फ्लॅट नंबर १-२ असा टाकला की एक्सेल त्याची १ फेब्रुवारी करून टाकतं. तो कॉलम टाइप करायच्या *आधी* टेक्स्ट (म्हणजे आकडा किंवा तारीख नाही, साधा मजकूर) करून ठेवा, नंतर करून उपयोग नाही. ही भानगड एवढी मोठी आहे की माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या कमिटीने २०२० मधे मार्च१ सारखी नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करायचं! बँक खात्याचा नंबरही टेक्स्टच ठेवा, १५ आकड्यांपुढचं सगळं शून्य होतं.

रोख, चेक, यूपीआय हे डेटा व्हॅलिडेशनच्या (सेलमधे काय भरता येईल ते ठरवणाऱ्या सोयीच्या) लिस्टमधून निवडायला द्या. पण त्यातल्या एरर अलर्टमधे, म्हणजे चुकीचं भरलं की येणाऱ्या सूचनेत, स्वतःचा मेसेज लिहा, हे कोणीच करत नाही. तिथला तयार इंग्रजी मेसेज बघून माणूस घाबरून फाईलच बंद करतो, त्यापेक्षा "यादीतून निवडा, बाणावर क्लिक करा" एवढं पुरतं. आणि दुसरीकडून कॉपी पेस्ट केलं तर ही तपासणी होत नाही, तेही सांगून ठेवा.

सगळं झालं की काकांच्या शेजारी बसा आणि एक पावती भरायला सांगा. तोंड मात्र उघडायचं नाही. हे फार जड जातं, पण जिथे ते थांबतील तिथे समजावून सांगू नका, शीट बदला. आमचे काका महिना कुठे टाकायचा तेच शोधत होते, तो उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर होता. आता तो डावीकडे सगळ्यात वर आहे.