ऑल व्हील ड्राइव्ह गाडी आहे? मग या चुका टाळा

ऑल व्हील ड्राइव्ह (एडब्ल्यूडी), म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना पोचवणारी गाडी, चिखलात घातल्याने बिघडते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खरं नुकसान रोजच्या साध्या डांबरी रस्त्यावर होतं आणि त्याची मुख्य कारणं दोनच, चारही टायर सारखे नसणं आणि ऑईलकडे दुर्लक्ष.

आधी टायर. दोन टायर झिजले की तेवढेच दोन बदलायचे, ही सवय टू व्हील ड्राइव्हला खपून जाते, इथे नाही. समजा पुढे नवे टायर आहेत ८ मिमी नक्षीचे आणि मागचे झिजून ५ मिमीवर आलेत. फरक दिसायला ३ मिमीचाच, पण टायरच्या घेरात तो जवळपास १९ मिमी होतो. घेर २ मीटर धरला तर चाक किलोमीटरला ५०० फेरे मारतं, म्हणजे दर किलोमीटरला पुढच्या-मागच्या चाकांत नऊ मीटरच्या वर तफावत! गाडी सरळ चाललीय, तुम्हाला काहीच जाणवत नाहीये, पण कपलिंगच्या (मागच्या चाकांना जोर जोडणारा-सोडणारा भाग) क्लच प्लेट्स किंवा सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) तो फरक सतत सहन करतंय आणि गरम होतंय. दीड-दोन मिमीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका, तुमच्या गाडीची नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. दर ८ ते १० हजार किमीला रोटेशन करा, म्हणजे पुढचे-मागचे टायर आपसात बदला, हवा तपासा आणि साईज, ब्रँड, पॅटर्न चारही सारखे ठेवा. छोटं स्पेअर चाक लावलंच तर हळू चालवत थेट पंक्चरवाल्याकडे जा, आठवडाभर तसंच फिरू नका.

आता ऑईल. "लाईफटाईम ऑईल आहे, बदलायची गरज नाही" हे ऐकून गप्प बसू नका. पुढच्या ट्रान्सफर युनिटमध्ये (मागच्या चाकांकडे जोर वळवणारा छोटा गिअरबॉक्स) बऱ्याच गाड्यांत एक लिटरही ऑईल नसतं, वर ते एक्झॉस्टच्या शेजारी तापत असतं, ते आयुष्यभर कसं टिकणार? बऱ्याच गाड्यांत मागच्या डिफरन्शियलचं ऑईल वेगळं, कपलिंगचं वेगळं, एकाचं दुसऱ्यात ओतलं की क्लच प्लेट्स गेल्याच समजा. काही इलेक्ट्रॉनिक कपलिंगमध्ये छोटा पंप असतो, त्याची जाळी प्लेट्सच्या चुऱ्याने तुंबते आणि पंप जळतो, कधीकधी डॅशबोर्डवर लाईटसुद्धा लागत नाही, फक्त ओल्या चढावर पुढची चाकं नुसती गरगर फिरतात आणि मागून जोर येतच नाही. तेव्हा ऑईल बदलताना जाळीही साफ करायला सांगा. आणि स्वतः करत असाल तर ड्रेन प्लग काढायच्या आधी वरचा फिल प्लग सुटतोय ना ते बघा, तो गंजून अडकलेला असेल तर ऑईल काढून बसाल आणि भरायला जागाच नाही. काढलेलं ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर हे नक्की तपासा.

लक्षणं ओळखायची कशी? मोकळ्या, कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी हळू गोल फिरवा. ब्रेक धरल्यासारखी अडखळली, हिसके दिले तर कपलिंग सुटत नाहीये किंवा टायरमध्ये फरक आहे. वळताना कटकट आवाज येत असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का बघा, ॲक्सलचा रबर बूट फाटलेला असतो. ऑटोमॅटिक गाडी डी मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाकताना खाडकन आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) जॉइंट आणि माउंटिंग तपासा. वेगाबरोबर वाढणारी घरघर मात्र बऱ्याचदा चाकाच्या बेअरिंगची असते, उगाच डिफरन्शियल उघडायची घाई नको.

एबीएस, ट्रॅक्शन आणि एडब्ल्यूडी असे तिन्ही लाईट एकदम लागले तर घाबरू नका, अनेकदा एका चाकाचा स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर गेलेली असते. फक्त इंजिनचे एरर कोड वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरला हे दिसत नाही, चेसिसचे कोड वाचणारा लागतो. वाळूत चाकं फिरवत राहिल्यावर ओव्हरहीटचा मेसेज आला तर थांबा, सिस्टम थंड झाली की बहुतेक वेळा आपोआप परत चालू होते.

टोइंग करताना फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा, दोन चाकं उचलून आणि दोन जमिनीवर ठेवून ओढत नेऊ देऊ नका. तसंच एकच ॲक्सल जॅकवर उचलून गिअरमध्ये ॲक्सिलरेटर अजिबात देऊ नका, जमिनीवरच्या चाकांना जोर मिळाला की गाडी जॅकवरून उडी मारते आणि खाली माणूस असू शकतो.