डिझेल गाडीत खाद्यतेल: या चुका टाळा

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. त्यामुळे ‘चालेल का?’ हा प्रश्न जुना झाला. ब्रिटनमध्ये आजही लोक इंजिनं घालवतात ती घाईपायी.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे गार इंजिनात खाद्यतेल देणं. 40 अंशांना खाद्यतेल डिझेलच्या साधारण दहापट दाट असतं. नोझलमधून त्याचा फवारा नीट होत नाही, थेंब अर्धवट जळतात आणि पिस्टनच्या रिंगांवरून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतात. तिथे इंजिन ऑइलसकट सगळं घट्ट होत जातं. ओळखीतल्या एकाची जुनी मर्सिडीज होती, प्री-चेंबरवाली (इंधन आधी छोट्या कप्प्यात पेटतं अशी), या कामाला उत्तम. पण त्याचं ऑफिस जेमतेम दोन मैलांवर, टाकी एकच, आणि ‘काही होत नाही’ हे ठरलेलं उत्तर. हिवाळ्यात ऑइल प्रेशरचा दिवा लागला. मी ड्रेन प्लग (ऑइल काढायचं खालचं बूच) काढला तर थेंबही पडेना. सम्प उतरवला, आत डांबरासारखा थर. बेअरिंगं केव्हाच गेली होती.

मी दोन टाक्यांशिवाय, एक डिझेलची आणि एक खाद्यतेलाची, हात घालत नाही. सुरुवात डिझेलवर. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, उष्णतेने तेल 70 अंशांच्या आसपास आलं की मगच तेलावर बदल, आणि थांबण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेल, म्हणजे पाइप आणि पंप धुऊन निघतात. जवळच्या फेरीला तेल वापरतच नाही. इंजिन ऑइल नेहमीच्या निम्म्या अंतरावरच बदलतो.

वापरलेलं तेल आठवडेच्या आठवडे निवळू द्या. थोडं कढईत तापवा. तडतडलं तर पाणी आहे, टाकीत घालू नका. नंतर 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा.

तांब्याचा पाइप नको, त्याने तेल लवकर चिकट होतं. कॉमन रेल (अतिदाबाने इंधन फवारणाऱ्या नव्या पद्धतीच्या) गाडीच्या वाटेला जाऊ नका.

आता कर. तेल फुकट मिळालं म्हणजे कर नाही, ही समजूत चुकीची आहे. रस्त्यावरच्या गाडीत गेलं की ते इंधन, आणि त्यावर लिटरला 50 पेन्सहून जास्त कर. 30 जून 2007 पासून सूट आहे ती 12 महिन्यांत 2,500 लिटरपेक्षा कमी इंधन तयार करणाऱ्या किंवा वापरणाऱ्याला. ही मर्यादा दर गाडीमागे नाही. त्यापुढे गेलात तर एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या करखात्याकडे) नोंदणी आणि करभरणा आला. मी तेल घेतानाच तारीख, लिटर आणि कुठून आणलं ते वहीत लिहितो. आठवून लिहिलेल्या हिशोबावर माझा विश्वास नाही.

तेल पातळ करायला घर तापवण्याचं केरोसीन मिसळणं तर मला अजिबात खपत नाही. त्यावर करसवलत असते आणि ओळखण्यासाठी मार्कर घातलेला असतो. सापडलात तर गाडी जप्त होऊ शकते.