रांगतं बाळ आणि थोरलं भावंड: खेळवताना या चुका टाळा

मी पाळणाघर चालवते, त्यामुळे दुसरं मूल झालेल्या आयांच्या तक्रारी मला तोंडपाठ आहेत. पहिली अगदी गुणाची होती, हा म्हणजे वारं प्यायलेलं वासरू! रांगायला लागल्यापासून रोज रडारड, थोरली चिडचिडी झालीय, काय करू? आठ-नऊ महिन्यांचं पोर ओढणार, पाडणार, हाताला लागेल ते तोंडात घालणार. त्यात त्याची काही चूक नाही. चुका मोठी माणसं करतात, आणि घरोघरी त्याच त्या.

माझ्या सर्वांत डोक्यात जाणारी चूक म्हणजे, "जरा बाळाशी खेळ गं, मी कुकर लावून येते." चार वर्षांच्या मुलीला राखणीला बसवायचं! ती बिचारी खेळते, पण तिच्या अकलेनं.

आमच्याच इमारतीतली गोष्ट. थोरलीची भातुकली रंगली होती. चुरमुरे, गूळ, दाणे सगळं खरं, आजीनंच वाट्यांत काढून दिलेलं. आई आतून म्हणाली, "त्यालाही घे खेळायला." मग बाळ झालं पाहुणा. पाहुण्यापुढे ताट वाढलं, पाहुणा काही जेवेना, म्हणून पोरीनं प्रेमानं भरवलं. मी त्यांचा डबा परत द्यायला दारात उभी होते म्हणून बरं. बाळाचा आ वासलेला, आवाज नाही, ओठ निळे पडत चाललेले. आजी घशात बोट घालायला निघाली, आजोबा म्हणाले पाणी पाजा. दोन्ही चूकच. न दिसणारी वस्तू बोटानं आणखी खोल जाते. मी बाळ ओढून घेतलं, हातावर पालथं टाकलं, डोकं खाली, जबडा बोटांत धरलेला, आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला अर्धा दाणा फरशीवर पडला आणि पोरानं टाहो फोडला.

त्यानंतर पहिली चापट कुणाला बसली? थोरलीला. तिनं काय केलं होतं? सांगितलं तेच.

तेव्हा हे शिकून घ्या. बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल तर खोकू द्या, मधे पडू नका. आवाजच बंद झाला तर वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब. मग पुन्हा थापा. तोवर दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा. दाणा निघाल्यावरही खोकला किंवा घरघर राहिली तर डॉक्टरांकडे जाच, कारण तुकडा श्वासनलिकेत उतरला असेल तर तो दुर्बिणीनंच काढावा लागतो. "व्हिडिओ बघून ठेवू कधीतरी" म्हणणाऱ्यांचं कधीतरी मी आजवर आलेलं पाहिलेलं नाही. कुठे प्रशिक्षण असेल तर जा आणि घरी बाहुलीवर हात बसवा.

माझ्याकडे भातुकलीत खरा खाऊ निघतो तो बाळ झोपल्यावरच. दाणे, फुटाणे तर थोरल्यांनाही बसवून, माझ्या डोळ्यांसमोर. ओट्याशी काम असेल तेव्हा बाळ स्वयंपाकघराच्या दाराशी, गॅसपासून लांब, चाळणी आणि रिकामे डबे घेऊन मला दिसेल असं बसतं. कुकर पाच मिनिटं उशिरा झाला तर कुणी उपाशी मरत नाही.

थोरल्याच्या खेळण्यांतले मणी, चिंचोके, गोट्या वर. साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंद नळीतून जे आरपार जातं, ते रांगत्या बाळाच्या वाटेत नको. बटण सेलची खेळणी स्क्रूचं झाकण नसेल तर सरळ बाद. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरी लाडकी चूक: "तू मोठी ना? देऊन टाक त्याला." ती तासभर बसून ठोकळ्यांचा किल्ला रचते, हा गडी गुडघ्यांवर येतो आणि एका हातात सगळं सपाट. वर तिलाच उपदेश. मग ती त्याला ढकलते, आणि आपण म्हणतो, मत्सर आहे हो! मत्सर कसला, तिचं काम मोडलंय. माझ्याकडे सरळ हिशेब आहे: जमीन बाळाची, टेबल थोरल्यांचं. कठडा लावायचाच असेल तर त्याच्या आत थोरलीला बसवा, तिच्या कोड्यांसकट. हसू नका, तिला ते फार आवडतं, कारण तिथं बाळ येऊ शकत नाही.

पाडापाडीचा खेळ वेगळा ठेवा. प्लॅस्टिकच्या वाट्यांचा मनोरा थोरलीनं रचायचा, बाळानं पाडायचा, आणि "आता पाड!" हे तिनं म्हणायचं. ती म्हणेपर्यंत बाळाला मांडीवर धरून ठेवणं हे आपलं काम. याला कंटाळणारे आईबापच जास्त. दोन फेऱ्या झाल्या की मोबाइल काढतात. ओढणीआडून भोक्क करणं हाही असाच खेळ, थोरल्यांना छान जमणारा. फक्त ओढणी बाळाच्या तोंडावर टाकायची नाही, स्वतःच्या.

वॉकर आणू नका. त्यानं मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यापर्यंत लवकर पोचतं. कॅनडानं 2004 साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाडा चालेल, पण बाळ आपलं आपण उभं राहायला लागल्यावर.

थोरल्याला बाळ उचलू देऊ नका. कडेवर हवंच असेल तर आधी जमिनीवर मांडी घालायची, मग बाळ मांडीवर.

एका हाताला धरून ओढणं, झोका देणं बंद. कोपराचं हाड जागेवरून सरकतं, आणि हे करणारे बहुतेक मामा-काका असतात.

डोळे चोळायला लागलं की खेळ संपला, पाहुणे आलेले असले तरी.